नानांच्या चेहऱ्याची राखण

पुंडलिकनानांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, पण साल लक्षात राहायची. माणसाची नव्हे, केळीची. चोपड्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तिथल्या पॅकहाऊसवर परदेशी जाणारा माल पास करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तुरटीच्या पाण्यातून धुऊन आलेली फणी उचलायची, कुणाची हनुवटी धरावी तशी धरून उजेडाकडे फिरवायची आणि दोन शब्दांत निकाल द्यायचा. "हाई जाई" म्हटलं की ती फणी खोक्यात बसून समुद्रापार जायची. "हाई ऱ्हाई" म्हटलं की चोपड्याच्या बाजारात. एवढासा ओरखडा, एक काळा ठिपका, पान घासल्याचा डाग, काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

माझं चोपड्यात मेडिकलचं दुकान. सासर इथलं, माहेर धुळ्याचं. नाना महिन्यातून एकदा अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, साखरेच्या गोळ्या न्यायला यायचे. गोळ्यांचं पाकीटसुद्धा ते उजेडाकडे फिरवून बघत. मी एकदा म्हटलं, "नाना, हे जाई की ऱ्हाई?" तर गंभीरपणे म्हणाले, "जाई, पन कोपरा चेपायेल शे."

नानांची आणखी एक खोड सांगितली नाही तर पुढचं काही कळणार नाही. ते एरवी चोवीस तास अहिराणीत बोलत. कलेक्टर समोर आला तरी अहिराणीच. पण खोटं बोलायचं झालं की त्यांच्या तोंडून स्वच्छ, धुतलेली, पुस्तकातली मराठी बाहेर पडायची. मी विचारायची, "अक्का गोळ्या वेळेवर घेतात ना?" नाना ताठ होत आणि म्हणत, "होय, ती अत्यंत नियमितपणे घेते." मी लगेच ओळखायची की मागच्या महिन्याचं पाकीट अजून कोनाड्यात पडलंय. सातवीपर्यंतच्या शाळेत मास्तरांपुढे शुद्ध बोलावं लागे आणि मास्तरांपुढेच खोटंही बोलावं लागे, म्हणून ती जोडी जमली असावी असा माझा तर्क. ही खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. फक्त नानांना ठाऊक नव्हती.

तर एकदा दिवाळी उलटल्यावर नाना दुकानात आले. गोळ्या घेतल्या, तरी हलेनात. दुकान रिकामं होईपर्यंत खोकल्याच्या औषधांची खोकी निरखत उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "माझ्या भाच्याला चेहऱ्यासाठी एखादे उत्तम मलम हवे आहे."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. इतकं लांब शुद्ध वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते. शिवाय नानांना बहीणच नव्हती.

"भाच्याचं वय किती?" मी विचारलं.

"एकसष्ट," नाना म्हणाले. मग आम्ही दोघंही बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो.

शेवटी नानांनीच माघार घेतली आणि अहिराणीवर आले. म्हणाले, "तुनी अक्कानं डोयानं आपरेशन शे, माय. दीड महिनामा. मंग ती माले दखी."

अक्कांना सहा वर्षं दोन्ही डोळ्यांनी जेमतेम उजेड आणि सावल्या दिसत. मोतीबिंदू. ऑपरेशन इतकी वर्षं लांबलं ते अक्कांच्या भीतीमुळे आणि नानांच्या शेतकी अकलेमुळे. अक्कांच्या मावशीचा डोळा फार पूर्वी कुठल्याशा शिबिरात गेला होता, म्हणून त्या नको म्हणायच्या. नाना म्हणायचे, पिकू द्या, पिकला की काढू. मी त्यांना दहादा सांगितलं की आता मोतीबिंदू पिकायची वाट बघत नाहीत. पण ज्याचा जन्म माल पिकण्याच्या हिशेबात गेला त्याला ते पटेना. मी शेवटी म्हटलं, "नाना, परदेशी जाणारं केळं तुम्ही पिकल्यावर काढता का?" तेव्हा कुठे गप्प झाले.

अक्कांचं मन वळवलं ते मात्र शेजारच्या म्हशीनं. एका सकाळी म्हैस सुटून दारात आली. अक्कांना वाटलं विहीणबाई आल्या. त्यांनी "या ना, बठा, लई जाड व्हई ग्यात तुम्ही" असं प्रेमानं स्वागत केलं आणि चहा टाकायला आत वळल्या. विहीणबाई खरोखरच आल्या होत्या, म्हशीच्या मागे उभ्या होत्या. तो चहा कोणी प्यायला नाही. संध्याकाळी अक्का स्वतःच म्हणाल्या, काढा एकदाचं ते मोती.

मग मी धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, त्यांनी माझ्या वडिलांचे डोळे केले होते. ते म्हणाले, आधी साखर खाली आणा, दीड महिन्यानं या. घरात सगळे खूश. एकटे नाना घाबरले.

घाबरायचं कारण असं की या सहा वर्षांत अक्का अधूनमधून विचारायच्या, "तुम्ही आते कशा दिसतस?" आणि नाना दर वेळी सांगायचे, होतो तसाच. प्रत्यक्षात त्या सहा वर्षांत नानांचा पार चोथा झाला होता. लग्नाच्या फोटोतला माणूस बघाल तर सिनेमात घ्यावा असा. आताचे नाना म्हणजे दोन्ही गालांवर वांग, नाक उन्हानं कोळपलेलं, कपाळाला नांगरट, मिशी पांढरी आणि दाढीखाली चिकाचे जुने डाग. केळीचा चीक एकदा बसला की कापड जातं पण डाग जात नाही. अक्कांच्या डोळ्यांत मात्र अजून सहा वर्षांपूर्वीचाच नाना होता. तो दीड महिन्यात परत हजर करायचा होता.

मला खूप हसू आलं. साठीतला माणूस बायकोला आवडावं म्हणून मलम मागायला आला होता, आणि माझ्या नवऱ्याला गेली दहा वर्षं मी केसांना तेल लाव म्हणून सांगत होते.

मी त्यांना तोंड धुण्याचा सौम्य साबण, एक साधं मॉइश्चरायझर आणि उन्हाचं क्रीम दिलं. नानांनी ट्यूब उलटीसुलटी करून विचारलं, "पंधरा लिटरना पंपले किती टाकानं?"

मी म्हटलं, पंप नाही, दोन बोटांवर मावेल एवढं, उन्हात जायच्या आधी. ते त्यांनी ऐकलं, पण ज्याला दोन्ही बाजूंनी पान भिजल्याशिवाय फवारणी झाली असं वाटत नाही, तो दोन बोटांवर कसा भागवणार? दुसऱ्या दिवशी पॅकहाऊसवरच्या बायकांनी मला फोन करून विचारलं की नानांच्या घरी रंगरंगोटी चालू आहे का. कान, मानेची मागची बाजू, डोळ्यांच्या पापण्या, सगळं पांढरं. आठवड्यात ट्यूब संपली. "कव्हरेज चांगलं भेटनं," नाना समाधानानं म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून एक भलतीच ट्यूब काढली. आठवडे बाजारात कोणीतरी दिली होती, सात दिवसांत गोरं करणारी. मी ती उघडून गटारीत पिळली. नानांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "मी ती वापरणारच नव्हतो." म्हणजे दोनदा लावून झाली होती. मी त्यांना तिथेच उभं करून फैलावर घेतलं. अशा ट्यूबांनी कातडी पातळ होते, उन्हात आग होते, आणि सोडली की डाग दुप्पट होतात, हे मी दिवसातून चार तरुण पोरांना सांगते आणि चारही पोरं पुढच्या दुकानात जाऊन तीच ट्यूब घेतात. नानांनी मात्र ऐकलं. कानाला हात लावला, आणि तोही अहिराणीत.

पण नुसत्या ऐकण्यावर थांबतील तर ते नाना कसले. त्यांचं डोकं आपल्या धंद्याच्या वाटेनं चालायला लागलं. केळीला चकाकी कशानं येते? तुरटीच्या पाण्यानं. न्हावी दाढीनंतर काय फिरवतो? तुरटीच. मग नाना रोज पहाटे घमेल्यात तुरटीचं पाणी करून त्यात तोंड बुडवून बसायला लागले. किती वेळ? फणी ठेवतात तेवढाच. श्वासासाठी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरायचे. देठाचं टोक पाण्याबाहेर काढून गोठ्याजवळ ओणवा बसलेला हा माणूस पहिल्या दिवशी दूध घालायला आलेल्या शेजारणीला दिसला. तिनं कॅन तिथेच सोडली.

चार दिवसांत तोंड असं आवळलं की नानांना हसता येईना. नेमकं त्याच आठवड्यात भावकीत कोणी वारलं आणि नाना दारावर गेले. दारावर जाणं म्हणजे आमच्याकडे दुःखात भेटायला जाणं. मयत म्हातारा नव्वदीचा, भरल्या घरातून गेलेला. बाकीचे लोक तासाभरानं केळीच्या भावावर घसरले, कोणी हळूच हसलंही. एकट्या नानांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. निघताना म्हाताऱ्याचा मुलगा त्यांच्या गळ्यात पडला. म्हणाला, बापाचं खरं दुःख तुम्हालाच झालं. नानांना ओठ हलवता येत नव्हते, त्यांनी फक्त पाठीवर हात फिरवला. त्या घरच्या कार्यात मानाची पहिली सुपारी आजही नानांनाच मिळते.

मी तुरटी बंद करवली. मग आली पिशवी.

केळीचा घड बाहेर पडला की त्यावर पांढरी पिशवी चढवतात. ऊन लागू नये, किडा बसू नये, पान घासू नये म्हणून. नानांनी विचार केला असणार की एवढ्या तीन गोष्टींपासून वाचायला आपण तरी मागे का राहावं? त्यांनी एका पिशवीला डोळ्यांपुरती भोकं पाडली, डोक्यावरून ओढून गळ्याशी दोरी बांधली आणि बागेत फेरी मारायला निघाले. त्या आठवड्यात शिवारात बिबट्या दिसल्याची आवई होतीच. फण्या तोडणाऱ्या बायकांनी खोडांच्या गर्दीतून पांढरं डोकं आपल्याकडे येताना पाहिलं. विळे टाकून त्या जे पळाल्या ते थेट डांबरी रस्त्यावर. दुपारपर्यंत तीन गावांत बातमी गेली होती. कोणी अस्वल म्हणत होतं, कोणी आणखी काही.

नानांना विचारलं तर त्यांचं उत्तर तयार होतं. "घडले झाकतस, मंग घडना धनीले काबरं नही झाकानं?"

एवढं करूनही, आणि करण्यातलं निम्मं मी बंद करवूनही, महिन्याभरात त्यांच्या चेहऱ्यात फरक पडला होता. उन्हाचं क्रीम आणि साधं मॉइश्चरायझर आपलं काम गुपचूप करत होतं. वांग फिकं झालं, नाकाची खपली गेली. मी तसं म्हटलं की नाना काउंटरवरच्या काचेत वाकून बघायचे, गाल एकीकडून दुसरीकडे फिरवायचे. अजून "ऱ्हाई", एवढंच म्हणायचे. ती त्यांची नजर होती, तिथे माझं काय चालणार?

घात झाला तो शेवटच्या चार दिवसांत. नाना मला न सांगता जळगावला गेले. तिथे खास पुरुषांसाठी निघालेल्या एका चकचकीत ठिकाणी त्यांनी चेहऱ्याची वरची कातडी काढून घेण्याची ट्रीटमेंट केली. तिथल्या मुलीनं बजावून सांगितलं होतं की आठवडाभर उन्हात जायचं नाही. आठवडा नव्हताच हातात. आणि दुसऱ्याच दिवशी कंटेनर आला. माल भरायचा, पास करायचा, नानांशिवाय कोण करणार? दिवसभर ते उघड्या तोंडानं उन्हात उभे राहिले, कारण घाईघाईत पिशवी घरी राहिली होती.

धुळ्याला निघायच्या दिवशी ते माझ्या दुकानाशी आले तेव्हा डोक्यापासून गळ्यापर्यंत रुमालात गुंडाळलेले होते. अक्का बाजूला उभ्या होत्या म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन रुमाल जरासा सोडला. चेहरा लालबुंद. जागोजागी सालपटं सुटलेली, खाली गुलाबी ठिगळं. सहा वर्षांत कधी दिसले नसतील एवढे वाईट दिसत होते.

"माल रिजेक्ट व्हई गया, माय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला त्या क्षणी जळगावच्या त्या चकचकीत ठिकाणाचा, कंटेनरचा आणि नानांचा, सगळ्यांचा राग आला. मी त्यांना थंड लावायचं औषध दिलं आणि दुकान नवऱ्यावर सोपवून त्यांच्याबरोबर निघाले. तसंही धुळ्याला ते दोघं माझ्या माहेरीच उतरणार होते.

शिरपूर मागे पडल्यावर नरडाण्याजवळ बस चहाला थांबली. नाना रुमाल आवळत भजी आणायला उतरले. अक्का माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ह्यांच्या अंगाला महिनाभर नवा वास येतोय, आज तर दवाखान्याचा येतोय. मग म्हणाल्या, "सहा वरीस व्हयनात. मी विचारस, तर एकच सांगतस, 'मी होतो तसाच आहे.' असं पुस्तकना मायक."

आणि त्या खिडकीकडे तोंड करून स्वतःशीच हसल्या. मी भज्यांची वाट बघत राहिले, दुसरं काय करणार.

ऑपरेशन सरळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढायला बोलावलं तेव्हा नाना येईनात. माझ्या वडिलांच्या खाटेवर बसून राहिले. म्हणाले, तू घेऊन जा तिला, मी नंतर बघतो. मी म्हटलं, नाना, सहा वर्षांनी अक्का डोळा उघडणार आणि समोर मी? तेव्हा उठले, पण रुमाल सोडला नाही.

पट्टी निघाली. अक्कांनी दोनतीनदा डोळा मिचकावला. आधी डॉक्टरांचा शर्ट बघितला, मग भिंतीवरचं कॅलेंडर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुनी टिकली लाल शे." मला रडूच फुटलं. मग त्यांची नजर दाराशी गेली. "हाऊ तोंड झाकेल मानूस कोन शे?"

नानांनी रुमाल सोडला. एक एक वेढा असा हळू काढत होते की डॉक्टर घड्याळ बघायला लागले. शेवटचा वेढा सुटला आणि ते मान खाली घालून उभे राहिले. लाल चेहरा, सालपटं, पांढरी मिशी, सगळं त्या पांढऱ्याफटक उजेडात.

अक्का उठल्या. त्यांनी नानांची हनुवटी बोटांत धरली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. आधी एक बाजू, मग दुसरी. इतकी वर्षं नवऱ्याच्या तोंडून फणी पास करण्याचं वर्णन ऐकलं होतं, हात बरोबर तसाच चालला. नानांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं आता निकाल लागला.

"तुम्ही अगदी होतात तसेच आहात," अक्का म्हणाल्या. "काहीही फरक पडलेला नाही."

स्वच्छ, धुतलेल्या, पुस्तकातल्या मराठीत. ज्या बाईच्या तोंडून मी, बसमधली नानांची नक्कल सोडली तर, आयुष्यात एकदाही 'आहे' ऐकलं नव्हतं, तिनं दोन वाक्यं चुकल्याशिवाय म्हटली.

नानांनी डोळे उघडले. आधी त्यांना काही कळलं नाही. मग कळलं. सहा वर्षांचं सगळं एकदमच कळलं असावं, कारण ते हसायला लागले आणि थांबेचनात. हसताना कातडी ताणून दुखत होती, म्हणून "अरे बाप, अरे बाप" म्हणत होते आणि तरी हसत होते. शेवटी रुमालात तोंड खुपसून खुर्चीत बसले. अक्काही तोंडाला पदर लावून हसत होत्या. डॉक्टरांनी मला विचारलं की पेशंट बरे आहेत ना. मी म्हटलं, दोघंही बरी आहेत.

आता नानांचा चेहरा पुन्हा ठीक झाला आहे. ते अजून उन्हाचं क्रीम नेतात, दोन बोटांवर मावेल एवढंच लावतात असं सांगतात, आणि ते कुठल्या भाषेत सांगतात हे मी मुद्दाम सांगत नाही. अक्कांचा दुसरा डोळाही झाला. पण नाना म्हटलं की मला आठवतं ते पट्टी निघाली त्याच दिवशी दुपारी धुळ्याच्या स्टँडवर घडलेलं.

फलाटाशी कंगवे, आरसे, पिना विकणारा एक गाडा होता. अक्कांनी काळा चष्मा जरा वर केला आणि जाता जाता एक वीतभर आरसा उचलला. बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या. आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नानांच्या चेहऱ्याची दीड महिना राखण चालली होती, पण सहा वर्षं अक्कांनीही स्वतःला पाहिलं नव्हतं. त्या गाल चाचपत राहिल्या. मग आरशातून नजर न काढता विचारलं, "मी कशी दिसस?"

नाना बॅग खाली ठेवून जवळ आले. त्यांनी घसा साफ केला. मी वाट बघत होते की आता कोणती भाषा येते.

"थकनी तू," नाना म्हणाले. "पन माले भारी दिसस."

अक्कांनी चष्मा खाली ओढला. आरसा गाड्यावर परत ठेवला नाही, विकत घेतला. चोपड्याची बस लागली, दोघं चढली, मी एक दिवस माहेरी थांबणार होते म्हणून खालूनच हात हलवला. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बस सुटली तेव्हा खिडकीत दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली होती, त्या वीतभर आरशात दोघंही मावावीत म्हणून.